साबुदाण्याची खिचडी कुठून आली

८ सप्टेंबर, सोमवार

परत पाठवलं! मोतीबिंदूचं ऑपरेशन नाहीच. सासूबाईंची साखर तीनशेच्या वर.

इथे कलकत्त्यात, बेहालाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून बसलो होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्म्यावरून सासूबाईंकडे बघितलं आणि विचारलं, आज काय काय खाल्लं. सासूबाई अगदी ठामपणे म्हणाल्या, "कुछ नहीं. सोमवार है. उपवास." मग जरा वेळाने, "थोडी खिचडी खाई." कसली खिचडी, ते मला सांगावं लागलं. साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट, वर चिमूटभर साखर. शिवाय गोड चहा दोनदा. आणि निघताना राजगिऱ्याचा लाडू, कारण पोटात काही नाही ना!

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ये उपवास है?"

साखर अशी असताना डोळ्याला हात लावणार नाही म्हणाले. जखम चिघळते. तीन महिन्यांत खाली आणा, मग तारीख देतो. बाहेर आहार सांगणारी मुलगी बसते, तिने आधी विचारलं, आजींना काय आवडतं? त्याच्या आसपास तक्ता बसवू. हेमंतने माझ्याकडे बघितलं, मी हेमंतकडे. त्याची स्वतःची आई! सासूबाई म्हणाल्या, "मुझे सब चलता है."

डावा डोळा जवळजवळ गेलाच आहे. उजव्यातही दुधाळ पडदा चढतोय. परवा हेमंत ऑफिसातून आला, दारात उभा राहिला, तर त्याला म्हणाल्या, "कोण पाहिजे?" तो हसला. नंतर बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभा होता.

९ सप्टेंबर

हेमंतने सांगून बघितलं, उपास सोड. मी सांगून बघितलं. पुण्याहून लीनावन्संनी फोनवर रडून बघितलं. ढिम्म हलल्या नाहीत! सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार आणि आता नवरात्राचे नऊ दिवस येताहेत. "ऋषिमुनींपासून चालत आलेलं आहे. तुमच्या डॉक्टरसाठी मोडायचं का?"

कॅलेंडर त्यांना दिसत नाही. उद्या चतुर्थी का, म्हणून मलाच विचारतात. नाही म्हणून सांगावं असं एकदा मनात आलं. सांगितलं नाही. फसवून नाही जिंकायचं.

१० सप्टेंबर

चतुर्थी. खिचडी केली. करावीच लागली. त्यांनी ताटली बोटाने पुसून घेतली. चंद्र मीच बघितला, त्यांनी माझ्या बोटाच्या दिशेला हात जोडले.

पण ऋषिमुनी हा शब्द डोक्यातून जात नाही. अकरा वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं मी! हेमंतच्या बदल्यांपायी नोकरी सुटली, डोकं नाही सुटलेलं. साबुदाणा आणि ऋषी?

१२ सप्टेंबर

सापडलं! जुनी पुस्तकं खोक्यातून काढली, उरलेलं मोबाइलवर वाचलं.

साबुदाणा कसावा नावाच्या कंदाचा. कंद मूळचा ब्राझीलकडचा. पोर्तुगीज लोकांनी इकडे आणला. पण पूर्वी इथे मिळायचा तो साबुदाणा मलायातल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघायचा आणि बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक तुटली, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या लोकांनी कसाव्यापासून करून बघितला. आपण खातो तो हा!

म्हणजे कुणाच्या तरी आजीचा साबुदाणा इथून कोसभरावर, खिदिरपूरच्या गोदीत उतरला असेल. रोज भाजीला त्या बाजूने जाते मी.

संध्याकाळी सासूबाई फुलवाती करत बसल्या होत्या. हाताच्या अंदाजाने करतात, डोळ्यांची गरज लागत नाही. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आई, हा साबुदाणा तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. ऋषींनी पाहिलेलाच नाही."

वात वळायची थांबली. मग म्हणाल्या, "आणि बटाटा?"

त्यांनी स्वतःहून विचारलं! मला रात्री जेवण गेलं नाही इतका आनंद झाला.

१४ सप्टेंबर, रविवार

बटाटा, पेरू देशातल्या डोंगरातला. शेंगदाणा, दक्षिण अमेरिका. मिरची, तिकडचीच. रताळं, तेही. राजगिरा, तोही! एकेक नाव घेत गेले आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. आणि इथलं काय? तांदूळ, तूर, मूग, वांगं, हळद. नेमकं तेवढंच उपासाला चालत नाही. घरची माणसं दाराबाहेर आणि बोटीवरून उतरलेले पाहुणे पाटावर! असं मी बोलले. जरा जास्तच रंगात आले होते.

सासूबाई म्हणाल्या, पोर्तुगीज काय माझ्या सासूला सांगायला आले होते का, उपासाला हे चालतं म्हणून? तो प्रश्न चांगला आहे. उत्तर कुणाला नीट माहीत नाही. मला वाटतं, वर्ज्य धान्यांच्या जुन्या याद्यांत जे नव्हतंच, ते वर्ज्यही ठरलं नाही. नंतर आलेल्यांना कुणी अडवलंच नाही. तसंच सांगितलं. वाटतं म्हणून सांगितलं, माहीत आहे म्हणून नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज हेमंतने घात केला. ऑफिसात कुणाची तरी पार्टी होती, उरलेली जवळच्या मटियाब्रुजची बिर्याणी डब्यात घेऊन आला. कलकत्त्याच्या बिर्याणीत अख्खा बटाटा असतोच. कुणी म्हणतं, लखनौच्या पदच्युत नवाबाकडे इथे आल्यावर मटणाला पैसे उरले नाहीत म्हणून बटाटा आला. कुणी म्हणतं, छे, तेव्हा बटाटाच नवलाईचा होता, म्हणून शाही ताटात गेला. ते दोन्ही सांगत तो सासूबाईंसमोर बसून खात होता.

त्यांनी वासावरून ओळखलं. "त्यात बटाटा आहे?"

"आहे ना. तुझाच, उपासाचा."

"तो बटाटा वेगळा," म्हणाल्या आणि आपली खिचडीची ताटली घेऊन आत गेल्या. भिंत चाचपत. मी हेमंतला इतकी बोलले की त्याने डबा स्वतः घासला.

१७ सप्टेंबर

एकादशी. खिचडी. जाता जाता साखर तपासली, दोनशे नव्वद. सगळं पाण्यात.

२१ सप्टेंबर, रविवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

उद्या घट बसणार. सकाळीच सासूबाईंनी मला हाक मारली. पाटावर ताठ बसल्या होत्या, कोर्टात साक्ष द्यायला बसल्यासारख्या. म्हणाल्या, "उपास सोडणार नाही. पण परक्याचं खाऊन उपास केला असं म्हणणारही नाही. जे आपल्या मातीतलं, तेवढंच करून घाल."

मी लगेच हो म्हटलं, त्यांचं मन बदलायच्या आत. मग विचारलं, काय करू उद्या? "काहीही. हेमंतला आवडेल ते." उपास यांचा आणि आवड हेमंतची! हे नेहमीचंच. लग्न झाल्यापासून ऐकतेय.

खिदिरपूरला जाऊन आले. इथे सध्या शिंगाड्याचे ढीग लागलेत, पानीफल म्हणतात. हिरवे, शिंगांचे, चिखल लागलेले. अस्सल इथले! शिंगाड्याचं पीठ, काकड्या, सुरण, नारळ घेतला. भगर लीनावन्संनी मागेच पाठवली होती. मिरचीच्या जागी मिरे. मिरची यायच्या आधी हा देश तिखट खायचा तो मिऱ्यांच्या जिवावर.

दाण्याचा बरणीभर कूट मात्र कपाटावर गेला. साखरेच्या दृष्टीने बिचारा निर्दोष होता. लढाईत सापडला.

२५ सप्टेंबर

चौथा दिवस. वाटीभर भगर, ताक, काकडीची कोशिंबीर. दुपारी शिंगाड्याची एक भाकरी, सुरणाची भाजी. बिनसाखरेचा चहा. सगळं मापात, आणि सासूबाई मुकाट खाताहेत. सोमवारच्या रात्रीच्या पावसाने रस्त्यांचे तलाव झालेत, भाजीवाला येत नाही. पण भगर आहे!

साखर दोनशे दहा.

मी फोटो काढून लीनावन्संना पाठवला. ताटाचा आणि यंत्राचा.

२८ सप्टेंबर

सगळं सुरळीत होतं तर आता वेगळंच सुरू झालंय. सासूबाईंनी घर तपासायला घेतलं. टोमॅटो कुठला? बाहेरचा. फ्लॉवर? बाहेरचा. पपई? पेरू? काजू? बाहेरचे, बाहेरचे, बाहेरचे. मग सीताफळ.

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, पुस्तकं म्हणतात अमेरिकेतलं.

"सीतेचं नाव आहे त्याला."

"नाव आपण ठेवलं, आई."

फार लागलं त्यांना. साबुदाण्याचं नाही लागलं इतकं.  दसऱ्याच्या झेंडूबद्दल विचारू नये, एवढीच प्रार्थना. तो मेक्सिकोचा आहे.

२९ सप्टेंबर

आज सकाळी कप हातात घेऊन शांतपणे म्हणाल्या, "चहा?"

माझा स्वतःचा कप तोंडाशी होता. चहा चीनचा. त्यातून शंभर वर्षांपूर्वी आपले लोक पीतही नव्हते. मळेवाल्यांनी स्टेशनावर पाट्या लावून, फुकट कप वाटून सवय लावली, या शहरातसुद्धा. हे सगळं मला माहीत आहे. तरी तोंडातून निघालं, "आसामच्या जंगलात आपोआप उगवायचा, आई. आपलाच."

ते खोटं नाही. अर्धं खरं आहे.

सासूबाईंना दिसत नसलं तरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "स्वतःच्या कपावर आलं की आसाम आपला," म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. 

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूबद्दल विचारलं नाही. तोरण चाचपून बघितलं, वास घेतला. विचारलं नाही ते मुद्दाम, मला वाटतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या लाहिरीबाई विजयेच्या, म्हणजे दसऱ्याच्या भेटीला आल्या. सासूबाईंच्याच वयाच्या. नवरा गोदीत होता, आता एकट्याच असतात. हातात संदेश मिठाईचं खोकं. दोघी नेहमी एकमेकींशी हिंदीत बोलतात, दोघींचीही वाईट, त्यामुळे छान जमतं. सासूबाईंनी संदेश हातात घेतला आणि विचारलं, दूध फाडून छेना करायचं इथे कुणी शिकवलं, पोर्तुगीजांनी ना? मी शरमेने जमिनीत गेले. हे मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं. आणि तेही पक्कं नाही, त्यावर इथे लोक वाद घालतात!

लाहिरीबाई रागावल्या नाहीत. "होगा, दीदी. आधा कलकत्ता बाहर का है. हमारा घर बरिशाल में था, जो अब बांग्लादेश में है. आपका?"

"सातारा," सासूबाई म्हणाल्या.

मग दोघींनी एक संदेश अर्धा अर्धा केला. अर्धाच. मी मोजत होते, ते त्यांना कळत होतं.

१० ऑक्टोबर, चतुर्थी

भगर, ताक. जेवल्यावरची साखर एकशे ऐंशी. उपाशीपोटीची एकशे चाळीस!

हेमंत म्हणाला, तू वकील व्हायला हवी होतीस. मी म्हटलं, वकिलाला पैसे मिळतात.

२१ ऑक्टोबर

दिवाळीत एक करंजी, एक चकली. खायच्या आधी स्वतः विचारलं, किती चालेल. मला विचारलं!

८ नोव्हेंबर, शनिवार

चतुर्थी. शिंगाड्याची भाकरी जमायला लागलीय, आता मोडत नाही. सासूबाई खातात. चांगली झालीय म्हणतात. पण ताटली बोटाने पुसत नाहीत. उगाच लक्षात आलं, म्हणून लिहिलं.

लीनावन्संना फोनवर विचारलं, आईंना खायला काय आवडतं गं? तिलाही सांगता येईना. सातारच्या घरी अकरा माणसं जेवायची, म्हणाली. आजोबांना आणि बाबांना झणझणीत आमटी-भाकरी लागायची, मऊ-बिऊ काही चालायचं नाही. आई शेवटी बसायची. काय उरलेलं असायचं, कुणी बघितलंय?

२४ नोव्हेंबर, सोमवार

साखरेची तीन महिन्यांची सरासरी आली. डॉक्टरांनी दोनदा वाचली. "मंगलादेवी, उपवास छोड़ दिया?"

"नहीं," सासूबाई म्हणाल्या. "अब ठीक से करती हूँ."

तारीख दिली! २ डिसेंबर!

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रडले. हेमंत म्हणाला, जिंकल्यावर कोण रडतं? मी रडते. ऑटोत सासूबाईंनी माझा हात धरला होता तो गार्डन रीचला घरी येईपर्यंत सोडला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

झालं. व्यवस्थित. डोळ्यावर पट्टी, तोंड चालू. भूल देणारी डॉक्टर पोरगी होती, तिला टोमॅटो कुठून आला ते सांगत होत्या म्हणे.

३ डिसेंबर, बुधवार

पट्टी काढली.

आधी हेमंतकडे बघितलं. खूप वेळ. त्याच्या गालाला हात लावला. मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अगं, किती पांढरी झालीस तू!"

इतकं बरं वाटलं मला! केस रंगवणार नाही आता. निदान महिनाभर.

घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या आणि स्वतः तिथी वाचली. मोठ्याने. पुढचा चौकोन, त्याच्या पुढचा चौकोन. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

७ डिसेंबर, रविवार

इथल्या महाराष्ट्र मंडळातून फोन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही बोला, उपासाच्या पदार्थांवर. अर्धा तास. विषयाचं नाव मी लगेच सांगितलं, "खिचडी कुठून आली". ब्राझील, पेरू, मलाया, सेलम, खिदिरपूर, सगळं येणार. टिपणं काढायला घेतली. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवणार आहे. पुरावा म्हणून!

आज चतुर्थीही होती. भगर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सासूबाई ओट्याशी आल्या. आज कुठला उपास नाही ना, विचारलं. आता कॅलेंडर स्वतः वाचतात, तरी मला विचारलं. नाही, म्हटलं.

"मग वाटीभर साबुदाण्याची खिचडी करशील? बटाटा घालून. मला आवडते."

मला आवडते म्हणाल्या! चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

गॅसकडे बघत म्हणाल्या, "सातारच्या घरात माझ्या आवडीचं म्हणून कोण करू देणार होतं? उपास म्हटला की कुणी अडवायचं नाही. आधी नुसता सोमवार होता. मग चतुर्थी धरली. मग एकादशी."

कुटाची बरणी कपाटावरून काढली. साबुदाणा भिजवला. दुपारी दोघींनी खाल्ली, मी अर्धी वाटी, त्यांनी अर्धी. मंडळाला फोन करून विषयाचं नाव बदलायला सांगितलं. नवीन नाव अजून सुचलेलं नाही.